मीटरच्या कपाटातला करडा बोर्ड

प्रिय मुकुंदा,

तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत, त्याची टोचणी आहेच. आज मात्र वेगळ्याच कारणाने लिहायला बसलोय. या भाड्याच्या घरात, मीटरच्या कपाटात, फ्यूजबोर्डाच्या मागे एक जुना करडा बोर्ड आहे, आणि तो ॲस्बेस्टॉसचा असावा अशी मला शंका आहे; म्हणजे ज्या खनिजाचे बारीक तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले की पुढे जीवघेणे आजार होतात, त्याचा. बोर्डाचा खालचा कोपरा तुटलाय आणि शनिवारी वायरमन त्यावर नवा एमसीबी बोर्ड (फ्यूजऐवजी आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) बसवायला येतोय. म्हणजे त्याच बोर्डात चार भोकं! हे वाचून तुझ्या पोटात खड्डा पडला असेल. इथे कुणालाच काही वाटत नाही. "इतकी वर्षं लोक राहिलेच ना," हे प्रत्येकाचं उत्तर.

तब्येत ठीक. गुडघा तसाच.

पडवीवरच्या पन्हळी पत्र्यांची मला धास्ती नाही. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण दहा ते पंधरा टक्के, तेही सिमेंटने धरून ठेवलेलं. शेवाळ खरवडायचं नाही, जोराच्या फवाऱ्याने धुवायचं नाही, पन्हाळीतला गाळ कोरडा उपसायचा नाही, बस्स. झोप उडवलीय ती या बोर्डाने. सिमेंटचा असेल तर तो कडक आणि जड. पण ॲस्बेस्टॉसचा उष्णतारोधक बोर्ड असेल तर वजनाला सिमेंटपेक्षा बराच हलका, मऊ, आणि तंतू चाळीस टक्क्यांपर्यंत, बहुतेक वेळा तपकिरी जातीचे. नाव तपकिरी, पण बोर्डात मिसळल्यावर दिसतो करडाच, त्यामुळे रंगावरून काही ठरत नाही. वरून ऑइलपेंटचा हात फिरलाय. त्यात बिनॲस्बेस्टॉसचे कॅल्शियम सिलिकेटचे बोर्डही हुबेहूब असेच दिसतात, म्हणजे माझी सगळी काळजी फुकटही असू शकते. तसं निघालं तर पेढे मी देईन.

घराच्या वयावरून अंदाज बांधावा, तर ब्रिटनने ॲस्बेस्टॉसच्या जातींपैकी निळा आणि तपकिरी १९८५ साली बंद केला, पांढरा १९९९ साली. ऑस्ट्रेलियाने सगळाच २००३ च्या अखेरीस. हे घर या सगळ्यांच्या आधीचं. पण त्याने फक्त शक्यता वाढते. खात्री नमुना तपासल्यावरच, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली.

आणि नमुना घेणंच इथे अवघड आहे. एरवी आपण काय करतो? पंखे बंद, खाली प्लास्टिक, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून फवारा, नखाएवढा तुकडा, दुहेरी पिशवी, चिठ्ठी, आणि उघड्या जागेवर रंगाचा हात. इथे समोर चालू मीटर! मेन बंद केला तरी मीटरकडे येणारी वायर जिवंतच राहते, तिथे फवारा कसा मारणार? दाढीचा फेस किंवा वॉलपेपरची खळ लावून तेवढीच जागा ओली ठेवता येते. तरी हे शिकलेल्या माणसानेच करावं आणि वीजपुरवठा तोडून घेऊनच करावं, असं मला वाटतं. तुझं मत सांग.

मास्कचं तर तुला माहीतच आहे. कापडाचा कुचकामी, अतिसूक्ष्म धूळ अडवणारा पी३ दर्जाचाच हवा, आणि तो चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. तुझ्या दाढीवरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो, आठवतं? दाढीतून हवा आत शिरते हे मी आजही म्हणेन. तू मात्र त्या वेळी दाढीला कवच म्हणत होतास!

तुटलेल्या कोपऱ्याचा भुगा खालच्या फळीवर पडलाय. झाडू लावू दिला नाही, साधा व्हॅक्यूमही नाही. बारीक तंतू त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन पुन्हा खोलीभर तरंगतात. कपाट बंद करून ठेवलंय. ओल्या फडक्याने पुसायचं, एकदा पुसलं की फडकं आत दुमडायचं, बादलीत पिळायचं नाही, पिशवीत घालून तोंड बांधायचं, हे तिथे येणाऱ्या माणसावर सोडलंय. अशा एका वेळच्या थोड्या धुळीचा धोका कमी असतो. घात होतो तो वर्षानुवर्षांच्या मात्रेने, आणि आजार वीस ते पन्नास वर्षांनी उमटतो. म्हणून आत्ता एक्स-रे काढूनही काही दिसणार नाही. पण वायरमन बिचारा रोज पाच घरांत भोकं पाडतो. त्याची मात्रा कोण मोजतं? मला राहून राहून त्याचीच काळजी वाटते.

घरमालकांना फोन केला होता, पण तोंडी बोलणं हवेत विरतं, म्हणून लेखी पाठवलंय. मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, तुटलेल्या भागाची लांबी, शनिवारची तारीख, आणि तीन मागण्या: भोकं थांबवा, नमुना तपासा, अहवालाची प्रत मला द्या. चौथं मी सुचवलंय की एमसीबी बोर्ड शेजारच्या विटांच्या भिंतीवर घ्या, म्हणजे या बोर्डाला हातच लागणार नाही.

पण इथेच अडकलोय. जुन्या वायरी या बोर्डाला आरपार भोक पाडून आल्यात. त्या ओढून काढल्या तर कड घासून नवा भुगा पडेल. बोर्डाला लागून कापून, टोकं बंद करून तशाच आत सोडता येतील का? तू हे काम केलंयस, मी फक्त पाहिलंय. शुक्रवारच्या आत कळव, फोन केलास तरी चालेल.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? निमाची बदली रद्द झाली, हे फार छान झालं. बाकी सविस्तर पुढच्या वेळी.

तुझा,
श्री