निळ्या वहीतली कोरी पानं

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा कपाट आवरताना माझ्या रिपोर्टांच्या फाईलखाली बाबांची निळी वही सापडली. न विचारता वाचली. त्याबद्दल काय रागवायचं ते आधीच रागावून घ्या.

फोनवर बोलले असते, पण फोनवर तुम्ही दोघंही "जाऊ दे गं, झालं गेलं" म्हणून विषय बदलता. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

ताप आणि डोकेदुखी मला आठवते. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही ते आठवतं. भिंतीपलीकडे कोणीतरी माझंच नाव घेऊन कुजबुजतंय असं वाटायचं, तेही अंधुक. त्यानंतर एकदम खिडकीतलं ऊन आणि बाबांची वाढलेली दाढी. मधले सात आठवडे माझ्याकडे नाहीतच. मेंदूच्या या आजारात बहुतेकांचं असंच होतं म्हणे. त्या काळात मेंदू आठवणी साठवतच नाही, त्यामुळे डोकं खाजवून काही हाती लागायचं नाही. ते दिवस आहेत ते फक्त तुमच्याकडे.

आणि वहीत. "पहाटे 3.10. 'दार लावा' असं सतत. मोजलं, 41 वेळा." "उजव्या हाताची बोटं हवेत दोरा वळल्यासारखी." बाबा, अशा वेळी मोजायचं सुचलं कसं तुम्हाला? मग एका पानावर हे: "तोंड सारखं चालू. काही चघळतेय असं वाटून हिने बोट घालून पाहिलं. कडकडून चावली. दोन टाके."

आई, तुझं ते बोट दारात सापडलं होतं ना? दोन वर्षं मला हेच सांगत आलीस.

पण तेच पान कामी आलं. पहिल्या डॉक्टरांनी मानसिक ताण म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. दुसरीकडच्या न्यूरोलॉजिस्टबाईंनी वही मागून घेतली, आणि ओठ-जिभेच्या त्या हालचालींवर त्यांचं बोट थांबलं, असं बाबांनीच पुढे लिहिलंय. मग पाठीतलं पाणी काढलं, त्यात अँटिबॉडी सापडल्या. अंडाशयात गाठ होती, टेराटोमा. तसल्या गाठीत केस, दात, अगदी मेंदूतल्यासारख्या मज्जापेशीसुद्धा असू शकतात. शरीर त्या परक्या गाठीवर तुटून पडलं आणि तशाच खुणा मेंदूत दिसल्यावर तिथेही. मेंदूतल्या पेशींना संदेश घेणारे स्वतःचेच एनएमडीए रिसेप्टर त्या अँटिबॉडींनी गिळायला लावले, म्हणून ते आवाज, ते झटके, ते तोंड. गाठ काढली, स्टेरॉइड दिली, आयव्हीआयजी (निरोगी लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी, शिरेतून) दिलं, आणि मी हळूहळू परत आले.

आई, "मला आधी कळायला हवं होतं" हे तुझं पालुपद आता बंद कर. माझा एमआरआय स्वच्छ आला होता. जे मशीनला दिसलं नाही ते तुला दिसायला हवं होतं, हा कुठला हट्ट? या आजाराला 'अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस' हे नाव मिळालं ते 2007 साली, डॉ. जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. हेच मला त्याच्या दहा वर्षं आधी झालं असतं तर? हा विचार मी फार वेळ करत नाही.

बाबा, तुम्ही कधीच विचारत नाही तो प्रश्न मला माहीत आहे. परत होईल का? होऊ शकतो. 2013 साली 577 रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात दोन वर्षांत सुमारे 12 टक्क्यांना तो परत झाला. ज्यांची गाठ निघाली त्यांच्यात कमी. माझी निघाली आहे. तपासण्या चुकवत नाही. पण बोलताना एखादा शब्द मला आठवेना की तुम्ही दोघं श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघता, ते थांबवा. मी चौतिशीची आहे, शब्द विसरणारच. आई तर माझ्या निम्म्या मैत्रिणींची नावं चुकवते, तिला कोणी पाठीतलं पाणी काढायला नेत नाही.

आता खरं काम. वहीत 23 ते 27 तारखांची पानं कोरी आहेत. तारखा घातल्यात, रेघ मारलीय, खाली काही नाही. डिस्चार्जच्या कागदावर त्या दिवसांपुढे नुसतं 'आयसीयू, व्हेंटिलेटर'. 28 तारखेला एकच ओळ: "आज माझ्याकडे बघितलं."

मधले पाच दिवस मला हवेत. कितीही वाईट असले तरी.

रविवारी येते, वही घेऊन. बाबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेईन. आणि आई, विषय निघाला की तू उठून आत जातेस, तशी जाऊ नकोस. तुलाही बसायचंय.

तुमची,
चावरी लेक