भूखंड मिळाला, उधारी कोण देणार?

महोदय,

करसवलत, स्वस्त भूखंड आणि रुंद रस्ता दिला की नवउद्योजक आपोआप उगवतात, हा कालच्या लेखाचा निष्कर्ष वाचून करमणूक झाली. लेखकमहाशयांनी धंदा लांबूनच पाहिला असावा.

मी काढला होता. एका बड्या कारखान्यावर जगणाऱ्या वसाहतीत, एक लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन घेऊन. बँकेच्या साहेबांना पगाराची स्लिप वाचता यायची, माझ्या हातातल्या ऑर्डरी नाहीत. तारण म्हणून घर दाखवलं, तर कारखान्याची तिसरी पाळी बंद झाल्यामुळे घराचं मूल्यांकनच घसरलेलं. लोखंडाचा व्यापारी म्हणाला, कंपनीला नव्वद दिवसांची उधारी, तुम्हाला रोखीने. हार्डनिंगसाठी (भट्टीत तापवून धातू कडक करायला) माल दूरच्या शहरात धाडावा लागे, कारण भट्टी होती ती कंपनीच्या फाटकाआड. पाच-पन्नास नगांसाठी तिथे कोण दाद देतो? भूखंड मात्र सवलतीचा होता. त्यावर गवत उत्तम आलं.

यात नवल काही नाही. बेंजामिन चिनिट्झ या अर्थतज्ज्ञाने 1961 सालीच पिट्सबर्ग आणि न्यूयॉर्कची तुलना करून हे मांडलं होतं. पोलादाच्या बड्या कंपन्यांच्या पिट्सबर्गमध्ये बँका आणि पुरवठादार मोठ्यांच्याच सवयीचे, आणि पगारदारांच्या घरात धंद्याचं बाळकडू नाही. न्यूयॉर्कमध्ये कपड्यांचे छोटे कारखाने ढिगाने, म्हणून नवख्यालाही पाय रोवता येत. सवलत पाहून येते ती बहुधा आधीच मोठ्या असलेल्या कंपनीची शाखा. नवखा माणूस जिथे त्याची ओळखपाळख आणि गिऱ्हाईक असतं, तिथेच सुरुवात करतो. लेखात सिलिकॉन व्हॅलीचे गोडवे आहेत, पण ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉकली यांनी तिथे प्रयोगशाळा काढली त्यामागे त्यांची आई जवळच पालो अल्टोत राहत होती, हेही एक कारण होतं. 1957 मध्ये त्यांना सोडून गेलेल्या आठ सहकाऱ्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही चिप बनवणारी कंपनी काढली तीही त्याच परिसरात.

शिवाय नोकरी गेली म्हणून नाइलाजाने टाकलेली टपरीही तुमच्या लेखकाने 'नवउद्योग' म्हणूनच मोजलेली दिसते. धन्य आहे.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. : लेखासोबतचा नकाशा भिंग लावूनही वाचता आला नाही. शेजारची सदनिकांची जाहिरात मात्र अर्धं पान, चष्म्याशिवाय दिसली.