दोन अनामिक सहायकांचे आभार

वडोदऱ्यात स्वतंत्रपणे नोकरभरतीचे काम करताना उमेदवार प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत हाती काहीच पडत नाही. वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतके शुल्क ठरले, तरी उमेदवार काही महिने टिकेल की नाही ही धाकधूक राहतेच. होकार देऊन ऐनवेळी फोन बंद करणारे उमेदवार आणि ‘कळवतो’ म्हणून मौन धरणाऱ्या कंपन्या, हा मनस्ताप नित्याचाच आहे.

म्हणूनच मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या फाटकावरील सुरक्षारक्षकांचे जाहीर आभार मानणे मला अगत्याचे वाटते. पहिल्याच मुलाखतीला पावसात भिजून पोहोचलेल्या वेल्डर मुलाला त्यांनी चौकीत बसवले, त्याची आयटीआयची प्रमाणपत्रे पंख्याखाली एकेक करून वाळवली आणि उशिराचे कारण स्वतः आत कळवले. आदल्या रात्री दांडिया बाजारातील झेरॉक्सवाल्या काकांनी अर्धे ओढलेले शटर पुन्हा वर करून त्याचा बायोडेटा छापून दिला होता, आणि पैसेही घेतले नव्हते. शुल्काच्या हिशेबात अशा माणसांना कुठेच जागा नसते, याची मला खंत वाटते.

तो मुलगा आता कामावर रुजू झाला आहे. आपणा दोघांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.