बॅटरी बदलायच्या आधी करंट तरी मोजा

मा. संपादक यांस, सप्रेम नमस्कार.

पुण्यात हल्ली बऱ्याच जणांची गाडी आठवडाभर पार्किंगमध्येच असते, ऑफिसला मेट्रो नाहीतर घरूनच काम, आणि मग सुट्टीच्या दिवशी चावी फिरवली की नुसतं टकटकटक. आमचंही तेच. सव्वा वर्षात दोन नवीन बॅटऱ्या टाकल्या, दोन्ही वेळेला गॅरेजवाला म्हणाला "साहेब बॅटरी गेली, नवीन टाका", मीटर काही लावला नाही. दुसरीसुद्धा चार दिवसांत झोपायला लागली तेव्हा डोकंच फिरलं, कारण दर शनिवारी आईला फिजिओथेरपीला न्यायचं असतं, आणि ती काठी धरून खाली उभी आणि मी जम्पर केबल मागायला शेजाऱ्यांची बेल वाजवतोय, हे किती वेळा करायचं.

शेवटी कोणीतरी नाना पेठेतल्या एका जुन्या वायरमन काकांचं नाव सांगितलं. त्यांनी आधी इंजिन चालू ठेवून व्होल्टेज बघितलं, 14.2 आलं, म्हणजे चार्जिंग ठीक. मग गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि वायर अन् टर्मिनलच्या मध्ये मीटर लावला, 10 अँपिअरवर. दारं लॉक, चावी लांब नेऊन ठेवली, आणि म्हणाले आता अर्धा तास थांबा. हे मला माहीतच नव्हतं, गाडी बंद केली तरी आतली इलेक्ट्रॉनिक युनिट्स लगेच झोपत नाहीत, घाईत मोजलं तर आकडा उगाच मोठा दिसतो. अर्ध्या तासाने मीटरवर 0.48 अँपिअर, म्हणजे बंद गाडीतही बॅटरीतून एवढा करंट जात होता. चांगल्या गाडीत तो साधारण 0.05 च्या आत हवा! माझी बॅटरी 45 अँपिअर-अवरची (पूर्ण भरलेली असेल तर 1 अँपिअर करंट साधारण 45 तास देईल एवढी), म्हणजे हिशोब केला तर चार दिवससुद्धा निघत नाहीत.

मग एकेक फ्यूज काढत गेले. निळा 15 अँपिअरचा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन 0.03 वर. त्या लाईनवर मी दोन वर्षांपूर्वी बाहेरून बसवलेला स्क्रीन आणि मागचा कॅमेरा होता, बसवणाऱ्याने त्याची मेन सप्लाय इग्निशनवर (चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाईनवर) न देता डायरेक्ट बॅटरीवर दिली होती. बंद गाडीतला तो स्क्रीन मागून हाताला चक्क कोमट लागत होता. काकांनी वायर बदलली, तासाभराचं काम, त्यानंतर गाडी नऊ दिवस उभी राहूनही पहिल्या सेल्फला चालू झाली.

सगळ्यांच्या गाडीत हेच असेल असं नाही, कुठे डिकीचा दिवा चालू राहतो, कुठे रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटतो, डॅशकॅम असतो, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा डायोड गेलेला असतो, आणि कधी खरंच बॅटरीचंच वय झालेलं असतं. पण मोजल्याशिवाय कळणार कसं? (घरी मोजणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.)

माझी शहरातल्या गॅरेजवाल्यांना आणि बॅटरी विकणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, नवीन बॅटरी टाकायच्या आधी चार्जिंगचं व्होल्टेज आणि उभ्या गाडीचा करंट हे दोन आकडे मोजून बिलावर लिहून द्या. अर्ध्या तासाचे पैसे लावा, आम्ही आनंदाने देऊ.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे