'सर्व प्रकारच्या लाकडासाठी' या दाव्याबाबत आणि झालेल्या नुकसानीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्या फर्निचर दुरुस्ती संचामुळे टेबल व खुर्चीचे पॉलिश खराब झाल्याबाबत

महोदय,

लाकडी फर्निचर घरच्या घरी दुरुस्त करण्याचा आपला संच मी विकत घेतला. त्यात क्लीनर, मेणाचे पॉलिश, रंगाचे मार्कर, पीयूचा (पॉलियुरेथेन या कडक पारदर्शक लेपाचा) स्प्रे आणि जवस तेलाची छोटी बाटली आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे, 'सर्व प्रकारच्या लाकडासाठी'. माझी तक्रार या ओळीपासूनच सुरू होते.

लाकूड सागवानी आहे की शिसवी, याचा इथे फारसा संबंध येत नाही. क्लीनर लागतो तो पॉलिशला. लाखेचे पॉलिश स्पिरिटने विरघळते, लॅकरचे पॉलिश थिनरने विरघळते आणि पीयू एकदा पक्के झाले की दोघांनाही दाद देत नाही. हे कोणत्याही पॉलिशवाल्याला ठाऊक असते. आपल्या पुस्तिकेत मात्र 'पॉलिश कोणते आहे ते आधी पाहा' असे एक वाक्यही नाही.

टेबलावर गरम भांड्याचा पांढरा गोल उमटला होता. पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशच्या थरात अडकलेली असते, खालचे लाकूड शाबूत असते. काळा डाग असता तर पाणी लाकडापर्यंत पोचले असे समजले असते आणि त्याचा इलाज निराळा असतो. पुस्तिकेत दोन्हींसाठी एकच सूचना आहे : क्लीनर भरपूर लावून जोर देऊन घासा. तसे केल्यावर गोल तर गेलाच, त्याच्याबरोबर पॉलिशही गेले. फडके तपकिरी झाले, पृष्ठभाग चिकट झाला आणि फडक्याचे धागे त्यात रुतून बसले. ते अजून तिथेच आहेत, नखाने ओढले तर आणखी पापुद्रा निघतो.

टेबलाच्या खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहिला. जागा लगेच मऊ पडली, म्हणजे पॉलिश लाखेचे. आपला क्लीनर तिथे लावला तर तोच परिणाम. तेव्हा त्यात स्पिरिट किंवा त्याच्यासारखे काहीतरी आहे, हे उघड आहे. बाटलीवर घटक छापलेले नाहीत. लाखेवरचा असा गोल स्पिरिटने निघतो हे खरे, पण फडके जेमतेम ओलसर हवे आणि हात वरच्यावर फिरायला हवा. 'भरपूर' आणि 'जोर देऊन' हे दोन्ही शब्द तिथे घातक आहेत.

खुर्चीची कथा वेगळी. तिला पीयू होते, हातांवर बारीक ओरखडे होते. पुस्तिकेतल्या क्रमाने आधी मेणाचे पॉलिश आणि त्यावर स्प्रे मारला. पाऊस सुरू होताना धुळीत थेंब पडावेत तसे गोल गोल खड्डे थरभर उठले. असे खड्डे सहसा पृष्ठभागावर राहिलेल्या सिलिकॉनमुळे पडतात आणि मेणावर पीयू धरत नाही, हे तर जगजाहीर आहे. मग आपल्याच दोन वस्तू एकमेकींवर लावायला कोण सांगते? मार्करबद्दल एवढेच, की उघड्या पडलेल्या लाकडाने रंग जास्त शोषला आणि ओरखडा होता त्यापेक्षा काळा दिसू लागला.

ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर मिळाले, "मॅडम, लाकूडच जुनं असेल." जुन्या फर्निचरसाठीच हा संच विकता ना?

आता तेलाविषयी, कारण हे पॉलिश बिघडण्यापेक्षा गंभीर आहे. जवस तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि तापते. तेलाचे फडके चुरगळून ठेवले तर ती उष्णता आतच साठते आणि ते आपोआप पेटू शकते. फडके मोकळे पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावे, हा साधा इशारा बाटलीवर हवा. आपल्या पुस्तिकेत 'काम झाल्यावर फडके गुंडाळून खोक्यात परत ठेवा' असे छापले आहे. खोके पुठ्ठ्याचे आहे. ही ओळ आजच मागे घ्या आणि ज्यांनी संच घेतला आहे त्यांना कळवा. माझ्या पैशांचा प्रश्न त्यानंतर आला तरी चालेल.

संचाची पूर्ण किंमत परत मिळावी आणि टेबल व खुर्ची पुन्हा पॉलिश करून घेण्याचा खर्च कंपनीने द्यावा. खोक्यावरचा दावा काढून तिथे कोणत्या पॉलिशवर चालते आणि कोणत्यावर नाही हे लिहावे, घटक छापावेत. बिलाची प्रत, पुस्तिकेच्या त्या पानांचे आणि दोन्ही वस्तूंचे फोटो सोबत जोडले आहेत. उत्तर लेखी द्यावे आणि ते क्लीनरमध्ये काय आहे हे ज्यांना माहीत आहे अशा व्यक्तीकडून यावे.

आपली,
एक ग्राहक