संध्याकाळच्या ताई-दादांनाही प्रशिक्षण द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले आहेत. म्हणजे दिवसाला चार तास. आईवडील धुणीभांडी, बांधकाम, हातगाडी करून रात्री घरी येतात, त्या मुलांची संध्याकाळ आमच्यासारख्या वस्त्यांमध्ये समाजमंदिरातल्या नाहीतर देवळाच्या ओट्यावरच्या अभ्यासवर्गात जाते. हे वर्ग चालवते वस्तीतलीच बारावी झालेली एखादी ताई, नाहीतर कॉलेज करणारा एखादा दादा. मन लावून शिकवतात. पण कसं शिकवायचं, हे त्यांना कोणी कधीच सांगितलेलं नसतं.

एक उदाहरण देते. चौथीतली मुलगी ५२ वजा २७ करते आणि उत्तर लिहिते ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सरळ सातातून दोन काढले. ताई उत्तरावर फुली मारते आणि सरावाला आणखी दहा गणितं देते. दहाच्या दहा त्याच पद्धतीने चुकतात, आणि मुलगी धरून बसते की आपल्याला गणित येत नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवल्या, एक गठ्ठा तिच्याच हाताने सोडवून घेतला, तर दशक मोडणं म्हणजे काय ते तिला दिसतं. मुलीच्या चुकीमागचा विचार ओळखायचा कसा, हे ताईला शिकवायला फार दिवस लागत नाहीत. शिकवणारं कोणीतरी मात्र हवं.

आणि शिकवणारे आपल्याच खात्यात आहेत, हे मला आवर्जून सांगायचं आहे. जिल्ह्या-जिल्ह्यात डाएट, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा शिक्षण संस्था, आहेत. आसपासच्या शाळांच्या केंद्रशाळेत शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिथे वस्तीतल्या ताई-दादांना मागच्या बाकावर तरी बसू द्या. शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड. पदविका करणाऱ्या विद्यार्थ्यांना आंतरवासितेतल्या, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाच्या काळातल्या, काही संध्याकाळी अभ्यासवर्गात घालवू द्या, दोघांनाही त्यातून शिकायला मिळेल. हे वर्ग चालवणारे ताई-दादा दर एक-दोन वर्षांनी बदलतात. कोणाला नोकरी लागते, कोणाचं लग्न होतं. त्यामुळे एकदा मोठं शिबिर घेऊन भागणार नाही. दर जूनमध्ये नव्यांचं प्रशिक्षण आणि वर्षभर अडलं तर विचारायला एक माणूस, असं काही हवं.

साहित्याचंही तेच. शाळांना गणित शिकवायच्या साहित्याच्या 'गणित पेट्या' मिळाल्या, ग्रंथालयाची पुस्तकं मिळाली. पेटी नवीकोरी राहावी म्हणून कपाटात कुलपात ठेवलेली मी पाहिली आहे. हरवलं तर भरपाई कोणी करायची, ही मुख्याध्यापकांची भीती खरी आहे, त्यांना दोष देत नाही. म्हणूनच शाळा सुटल्यावर हे साहित्य नोंद करून वस्तीतल्या वर्गाला देता येईल आणि वापरात झिजलं-हरवलं तर मुख्याध्यापकांवर जबाबदारी येणार नाही, असा स्पष्ट शासन निर्णय काढा. देखरेख शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या, तिच्यात पालक आहेतच.

बालभारतीने 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमधून 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे व्हिडिओ उघडतात. चांगलं आहे. पण घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो. धडा पाठ झाल्यामुळे घडाघडा वाचणारं मूल अनोळखी गोष्टीच्या पहिल्याच ओळीला अडखळतं, त्याच्या हातात छापील गोष्टच लागते. या अंकांमधल्या निवडक गोष्टी मोठ्या टायपात छापून वर्गांना द्याव्यात.

या वर्गांची कुठे सरकारी नोंदही नाही. सुरुवात तिथून करता येईल. एका जिल्ह्याच्या डाएटला एवढंच सांगा, की येत्या जूनच्या आधी आपल्या हद्दीतले असे वर्ग शोधा आणि ते चालवणाऱ्यांना बोलावून घ्या. आमच्या वस्तीतले सगळे येतील. संध्याकाळी पाचच्या आत सोडा म्हणजे झालं, पाचला मुलं जमतात.

आपली,
अभ्यासवर्गाची एक कार्यकर्ती, पुणे