पाण्याची वेळ

रत्नागिरी,
चैत्र पौर्णिमा

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आई म्हणालीस, "बाय, नोकरी पक्की झाली ना आता? मग पहाटेची त्या चिखलात कशाला जातेस? नुसतं शिकव आणि घरी ये. पोरीचे किती हाल." मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. बाबा, तुम्ही शेजारीच होतात, तुमचा खोकला ऐकू आला. तुम्ही काही बोलला नाहीत. तो "बघू" खोटा होता. मी बघणार नव्हते, सोडणारही नव्हते, आणि हे तुम्हा दोघांना तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं. म्हणून पत्र.

आधी शिमग्याचं. पालखी आपल्या अंगणात नाचली आणि मी नव्हते, लग्नानंतर पहिल्यांदाच. आई, तू ओटी भरलीस तेव्हा माझ्या नावाचा नारळ ठेवलास हे मला वहिनीनं सांगितलं. मला त्याचं फार वाईट वाटलं आहे, अजून वाटतंय. पण होळी पौर्णिमेलाच असते आणि पौर्णिमेलाच उधाण, मोठ्या भरती-ओहोटीचं, म्हणजे माझं खाडीतलं काम. त्यात तोंडावर परीक्षा. मला दोन्ही जमलं नाही.

हे काम काय आहे ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. खाडीत पाण्याच्या कडेपासून वर खारफुटीपर्यंत आमच्या ठरलेल्या रेषा आहेत. दर दहा मीटरवर अर्ध्या मीटरची चौकट टाकायची, तिच्यातला चिखल वीतभर खणायचा, चाळणीत धुवायचा आणि त्यात शिंपल्या किती, म्हणजे किती मुळे, किती तिसऱ्या, प्रत्येकाची लांबी किती, ते लिहायचं. पाण्याचा खारटपणा मोजायचा. हे वर्षभर, न चुकता, उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कारण भांगाच्या पाण्यात, भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, रेषांची खालची टोकं उघडीच पडत नाहीत. मधला एक महिना गेला तर बारीक पिल्लं कधी आली आणि किती जगली, हे कळायचा मार्गच बंद होतो. काढणाऱ्या बायकांनी केवढा मुळा काढावा आणि कोणत्या महिन्यात हात आवरावा, हे नंतर कोणी विचारलं तर उत्तर या वह्यांतूनच निघणार आहे.

आणि बाबा, वेळेचं गणित तर तुमचंच. तिथीला पाऊणने गुण, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे सुकती सहा तास मागेपुढे: पहाटे सव्वापाच-साडेपाच, आणि मग संध्याकाळी तशीच. मी विद्यार्थ्यांना भरतीचं छापील कोष्टक देते, पण वर्गात आधी तुमचं गणित सांगते. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण कधी फसले नाही.

या गणितातली एक गोष्ट मला स्वतःला मूल झाल्यावर दिसली. आपल्या किनाऱ्यावर समुद्र सगळ्यात लांब जातो तो बरोबर चूल पेटवायच्या वेळेला. पहाटे पोर उठायच्या वेळी आणि तिन्हीसांजेला, पोर किरकिरायच्या वेळी. आई, तू कशी जायचीस गं? मला आठवतं ते तू परत आल्यावरचं. पाटीतून पाणी निथळतंय, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं जड, आणि हात न पुसताच मला जवळ घ्यायचीस. तुझ्या बोटांना कालवांच्या कडांनी चिरा पडलेल्या असायच्या. मला कोणाकडे ठेवायचीस, आजी कुरकुरायची का, तुला मागे वळून बघावंसं वाटायचं का, हे मी कधी विचारलंच नाही. "करिअर" हा शब्द तेव्हा आपल्या वाडीत नव्हता. सुकती आहे म्हणजे जायचं, एवढंच होतं.

छकुली झाली २०१९ मध्ये. तेव्हाचं अर्धंच तुम्हाला माहीत आहे. बाकीचं मी लपवलं, कारण तुम्ही सगळं टाकून इकडे आला असता. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. कायद्यात २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आली आहे, पण माझ्यासारखीला ती मागायची कोणाकडे, हेच ठाऊक नव्हतं. विचारलं तेव्हा "पुढच्या सत्रात दुसरं कोणी मिळेल" असं उत्तर मिळालं. बाळ अडीच महिन्यांचं असताना मी फळ्यासमोर उभी राहिले. दूध काढायला जागा नव्हती. प्रयोगशाळेमागे काचसामानाची खोली आहे, तिला आतून कडी नाही. मी दाराला पाठ टेकून बसायचे आणि बाहेर पावलं वाजली की दूध यायचं थांबायचं. आटतंय का, या भीतीनं रडले आहे तिथे. फोनवर तुला मात्र "सगळं छान" म्हणायचे.

पीएचडीचंही तसंच. मुदत संपत आली होती आणि प्रबंधाची दोन प्रकरणं बाकी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत बाईला पीएचडीच्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा होती, शिवाय मुदतीत दोन वर्षं जास्त मिळू शकत होती. हे मला कार्यालयातून कोणी सांगितलं नाही. गाडीत सांगितलं! कोकणकन्येत समोरच्या बर्थवर एक मुलगी होती, मांडीवर पोर आणि हातात प्रबंधाचा कच्चा खर्डा. तिनं मला नियमाचा फोटो पाठवला. आता माझ्याकडे कोणी मुलगी पीएचडीबद्दल विचारायला आली की मी विषयाआधी आताच्या नियमाचा कागद तिच्या हातात देते. सवलत मागायला तिला लाज वाटते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळतं, कारण तीच लाज मलाही वाटली होती.

आता जे सांगायचं ते लिहायला मी दोन रात्री टाळाटाळ केली. गेल्या पिठोरीला छकुलीला ताप होता. एकशे एकच्या वर. अमावास्या होती, पहाटेची सुकती, आणि पावसातलं ते एकच पाणी त्या महिन्यात हाती लागणार होतं. तुमचे जावई म्हणाले, "मी आहे, तू जा." मी गेले. पाऊस धो धो, खाडी गढूळ, पाणी जवळजवळ गोडं. एकेक मुळा चिखलात घट्ट मिटून बसलेला. आई, तू म्हणायचीस ना, गोड्या पाण्यात शिंपला गप्प बसतो. ते मी तिथे डोळ्यांनी बघत होते, लिहीत होते, आणि प्रत्येक चौकटीला मनात म्हणत होते, आणखी किती राहिल्या.

आठ वाजता घरी आले. ताप उतरला होता. ती जागी होती, पण माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुपारपर्यंत बोलली नाही. संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, "पिठोरी केलीस ना? अतिथी कोण म्हणून विचारलंस ना?" मी हो म्हणाले. केली नव्हती, आई. ताट डोक्यावर घेऊन मागे बघत "अतिथी कोण?" विचारायची आणि छकुलीच्या तोंडून "मी" ऐकायची माझी हिंमत नव्हती.

पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करीन? खरं सांगते, मला माहीत नाही. ताप जास्त असता तर गेले नसते. तेवढ्या तापात कदाचित पुन्हा जाईन, आणि पुन्हा तशीच रडेन.

बाबा, तुम्हाला एक विचारते, राग धरू नका. मला गोवर आला तेव्हा तुम्ही एसटीच्या रात्रीच्या वस्तीच्या गाडीवर होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी आलात आणि कंडक्टरची बॅग खांद्यावर तशीच ठेवून माझ्या कपाळाला हात लावलात. गाडी सोडता आली नसती, हे घरात सगळ्यांना समजत होतं. मलाही. तुम्हाला दोष देत नाही, त्या बॅगेतल्या पैशांवरच मी शिकले. पण माझी सुकतीही माझी वस्तीची गाडीच आहे, एवढं तुम्ही समजून घ्या. इथे तुमचे जावई वेण्या घालतात, डबा भरतात, तर शेजारपाजारचे मला म्हणतात नशीबवान आहेस. नशीबवान आहेच. पण तुम्ही वस्तीला जायचात तेव्हा तुम्हाला कोणी नशीबवान म्हटलं होतं का?

आणि शिकायला मला तुम्हीच ढकललंत. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेले आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परत पाठवलं, ही गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितलीत. त्याच माणसानं १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं, हे सांगताना तुमचा आवाज भरून यायचा. तुम्हीच म्हणायचात, "चालायला लागलं तर चाल." मग आता आई थांब म्हणते तेव्हा तुम्ही गप्प का बसता, बाबा? तुम्ही एकदा "जाऊ दे तिला" म्हणालात तर माझं निम्मं ओझं उतरेल.

आई, तू इकडे येऊन राहायचं म्हणतेस. येऊ नकोस. तुझा गुडघा, हा तिसरा मजला, आणि बाबांना तुझ्या हातच्या भाकरीशिवाय चालत नाही. मला तुझी मदत हवी आहे ती वेगळीच. मुळ्यांबद्दल तुला जे माहीत आहे ते मला लिहून घ्यायचं आहे. कुठल्या पाण्यात कुठे सापडतात, पूर्वी कुठे होते आणि आता नाहीत, कोणत्या सालापासून कमी झाले. माझ्या वह्या थोड्या वर्षांच्या आहेत. तुझ्याकडे चाळीस वर्षं आहेत. ते छापून येईल तेव्हा त्यात तुझं नाव असेल, आभारात नाही, माहिती देणारी म्हणून.

वैशाखातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी आम्ही येतोय. जयगडवरून फेरीबोटीनं तवसाळला उतरू, संध्याकाळच्या बोटीला. छकुलीला शाळेची सुट्टी आहे. पहाटे तिला घेऊन आपण तिघी खाडीवर जाऊ. तू काठावर दगडावर बस आणि बोटानं दाखव, चिखलात मी उतरते. तिला उतरायचं असेल तर उतरू दे. बाबांनी पाण्याची वेळ काढून ठेवावी, आणि तुझी जुनी पाटी माळ्यावर असेल ती खाली काढून ठेव.

तुमची,
बाय